डेटाबेस स्लो झालाय, पण नेमका कशामुळे? सेशन आणि वेट इव्हेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"डेटाबेस स्लो आहे" असा निरोप आला की मेमरी वाढवा, इंडेक्स पुन्हा बांधा, सर्व्हर रिस्टार्ट करा, असे उपाय लगेच सुरू होतात. यातला एखादा उपाय कधीतरी लागूही पडतो, पण का लागू पडला ते कोणालाच कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. इथली सगळी उत्तरं एकाच आग्रहातून लिहिली आहेत: कुठलंही सेटिंग बदलण्याआधी, तक्रार करणाऱ्या सेशनचा (डेटाबेसला जोडलेल्या एका कनेक्शनचा) वेळ कुठे गेला ते मोजा. बरीचशी उदाहरणं ओरॅकलची आहेत, कारण वेट इव्हेंटची पद्धत तिथे सर्वांत जुनी आणि सविस्तर आहे. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल हे दुसरे डेटाबेस जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

तक्रार आल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

काय स्लो आहे, कोणासाठी आणि कधीपासून. "सगळंच स्लो आहे" हे उत्तर सहसा खरं नसतं. खोदून विचारलं की एखादा रिपोर्ट, एखादी स्क्रीन किंवा रात्रीचा एखादा जॉब निघतो. तो सापडला की आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो हे आकड्यात लिहून घ्या. "आधी ४ सेकंद, सोमवारपासून ९० सेकंद" एवढं हातात असलं की शोध त्या ८६ सेकंदांचा होतो. हा आकडा नसेल तर काम कधी संपलं तेही ठरवता येत नाही.

वेट इव्हेंट म्हणजे काय?

डेटाबेसमधलं सेशन कोणत्याही क्षणी दोनपैकी एका अवस्थेत असतं: सीपीयूवर काम करतंय किंवा कशाची तरी वाट बघतंय. डिस्कवरून ब्लॉक (डेटाचा एक तुकडा) यायचाय, दुसऱ्याने धरलेलं लॉक (रो किंवा टेबलवरचा तात्पुरता ताबा) सुटायचंय, कमिट (बदल कायम करणं) डिस्कवर लिहून व्हायचंय, क्लायंटकडून पुढचा हुकूम यायचाय. वाट बघण्याच्या अशा प्रत्येक कारणाला डेटाबेसच्या कोडमध्ये एक नाव दिलेलं असतं. त्या नावालाच वेट इव्हेंट म्हणतात.

ओरॅकलमध्ये ही सोय १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, सातव्या आवृत्तीत आली. तेव्हा शंभराच्या आसपास इव्हेंट होते, आज ते हजाराच्या वर गेले आहेत. ते सगळे पाठ करायची गरज नाही. १०जी आवृत्तीपासून त्यांचे वर्ग पाडलेले आहेत: यूझर आय/ओ, कमिट, कॉन्करन्सी, अ‍ॅप्लिकेशन, कॉन्फिगरेशन, नेटवर्क, आयडल वगैरे. आधी वर्ग बघितला की शोधाची दिशा ठरते. 'अ‍ॅप्लिकेशन' वर्गात मुख्यतः लॉक येतात, त्यामुळे हा वर्ग वर असेल तर डिस्ककडे बघण्यात वेळ घालवू नका.

सेशन आत्ता कशासाठी थांबलंय ते कुठे दिसतं?

ओरॅकलमध्ये व्ही$सेशन या व्ह्यूमध्ये (टेबलसारख्या माहितीच्या यादीत). इव्हेंट, स्टेट, सेकंड्स_इन_वेट, एसक्यूएल_आयडी आणि ब्लॉकिंग_सेशन या पाच कॉलमांवर निम्मं काम होतं. पूर्वी यासाठी व्ही$सेशन_वेट वेगळा बघावा लागायचा, १०जीपासून ते कॉलम व्ही$सेशनमध्येच मिळतात.

पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी बघा. २०१६ साली आलेल्या ९.६ आवृत्तीपर्यंत तिथे 'वेटिंग' असा फक्त हो-नाही सांगणारा कॉलम होता. ९.६ मध्ये त्याच्या जागी वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट आले, आणि पुढच्या दहाव्या आवृत्तीत आय/ओचे इव्हेंटही दिसू लागले.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस.डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्स आणि सिस.डीएम_ओएस_वेटिंग_टास्क्स. मायएसक्यूएलमध्ये परफॉर्मन्स स्कीमा आणि त्यावर बांधलेली सिस स्कीमा. मायएसक्यूएलचं एक लक्षात ठेवा: इव्हेंट्स_वेट्स_करंट हा कन्झ्यूमर मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. त्यामुळे टेबल रिकामं दिसलं याचा अर्थ कोणी थांबलेलं नाही असा होत नाही.

सेशनपुढे 'डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड' आणि ४० सेकंद असं दिसतंय. म्हणजे एका ब्लॉकसाठी डिस्कने ४० सेकंद घेतले?

जवळजवळ नक्कीच नाही. इथे भल्याभल्यांची दिशा चुकते, म्हणून जरा सावकाश बघू.

इव्हेंट कॉलममध्ये नाव आहे एवढ्यावरून सेशन थांबलेलं आहे असं ठरत नाही. त्याच्या शेजारचा स्टेट कॉलम वाचायलाच हवा. तिथे 'वेटिंग' असेल तरच सेशन आत्ता त्या इव्हेंटसाठी थांबलंय. 'वेटेड शॉर्ट टाइम' किंवा 'वेटेड नोन टाइम' असेल तर थांबणं कधीच संपलंय, सेशन सीपीयूवर आहे आणि समोर दिसणारं नाव शेवटच्या वेटचं आहे.

समजा ओळ अशी आहे: इव्हेंट 'डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड', स्टेट 'वेटेड शॉर्ट टाइम', सेकंड्स_इन_वेट ४०. सेशन थांबलेलं नसताना हा शेवटचा कॉलम सांगतो की शेवटचा वेट किती सेकंदांपूर्वी सुरू झाला होता. 'शॉर्ट टाइम' म्हणजे तो वेट सेकंदाच्या शंभराव्या भागातच संपला. तेव्हा या ओळीचा खरा अर्थ असा: ४० सेकंदांपूर्वी एक ब्लॉक झटक्यात वाचून झाला आणि तेव्हापासून हे सेशन एकदाही न थांबता सीपीयू जाळतंय. डिस्क निर्दोष आहे. क्वेरी बहुधा मेमरीतलेच ब्लॉक पुन्हा पुन्हा फिरवत बसली आहे आणि बघायला हवा तो तिचा एक्झिक्यूशन प्लॅन, म्हणजे डेटा शोधायचा डेटाबेसने ठरवलेला मार्ग. स्टेट न वाचता स्टोरेज टीमला बोलावलं तर आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

पोस्टग्रेसमध्ये हाच नियम वेगळ्या रूपात आहे. स्टेट 'अ‍ॅक्टिव्ह' आणि वेट_इव्हेंट नल, म्हणजे सेशन थांबलेलं नाही, साधारणपणे सीपीयूवर आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सस्पेंडेड' म्हणजे संसाधनासाठी थांबलेलं, 'रनिंग' म्हणजे सीपीयूवर असलेलं, आणि 'रनेबल' म्हणजे हवं ते मिळालंय पण सीपीयूसाठी रांगेत उभं असलेलं.

सर्वांत जास्त वेळ 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट' वर दिसतो. नेटवर्क खराब आहे का?

हा आयडल वर्गातला इव्हेंट आहे. डेटाबेस रिकामा बसलाय आणि क्लायंटच्या पुढच्या मागणीची वाट बघतोय, एवढाच त्याचा अर्थ. पोस्टग्रेसमध्ये याच जागी 'क्लायंटरीड' दिसतो. पूर्ण सिस्टिमचे आकडे बघताना आयडल इव्हेंट बाजूला काढायचे असतात.

मात्र एखाद्या ठरावीक कामाचा शोध घेताना तो डोळे झाकून वगळू नका. वापरकर्त्याच्या ९० सेकंदांपैकी ७० सेकंद सेशन याच इव्हेंटवर असेल, तर ते ७० सेकंद डेटाबेसच्या बाहेर गेले आहेत: अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरच्या गणितात किंवा जाण्या-येण्यात. याचं नेहमीचं कारण म्हणजे एका क्वेरीत होणारं काम लूपमध्ये हजारो छोट्या क्वेऱ्या पाठवून करणं. ५०,००० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला १ मिलिसेकंद धरला तरी ५० सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. त्यातली प्रत्येक क्वेरी वेगवान असते, त्यामुळे स्लो क्वेरी लॉगमध्ये एकही सापडत नाही. अशा वेळी डेटाबेसमध्ये काहीही ट्यून करून फरक पडणार नाही. अ‍ॅप्लिकेशनच्या टीमला हेच आकडे दाखवा, वाद लवकर मिटतो.

डीबी टाइम आणि सरासरी अ‍ॅक्टिव्ह सेशन हे काय आहे?

सगळ्या यूझर सेशननी डेटाबेसच्या आत घालवलेला वेळ, म्हणजे सीपीयूचा वेळ आणि आयडल नसलेले वेट यांची बेरीज, म्हणजे डीबी टाइम. त्याला घड्याळाच्या वेळेने भागलं की त्या काळात सरासरी किती सेशन एकाच वेळी कामात होते ते मिळतं. एका तासात ४८० मिनिटं डीबी टाइम असेल तर ४८० भागिले ६०, म्हणजे सरासरी ८. सर्व्हरला ३२ कोअर असतील तर हा आकडा किरकोळ आहे. ४ असतील तर कोणीतरी नक्की रांगेत उभं आहे.

आता सरासरीचा धोका बघा. तेच ४८० मिनिटांचं काम तासातल्या फक्त १० मिनिटांत झालं असेल, तर त्या १० मिनिटांत ४८ सेशन एकमेकांच्या अंगावर होते आणि उरलेली ५० मिनिटं शुकशुकाट होता. तासाच्या रिपोर्टमध्ये दोन्ही परिस्थिती सारख्याच दिसतात. म्हणून तक्रारीची वेळ जितकी अरुंद, तितकीच अरुंद खिडकी मोजायला घ्या.

टॉपला 'डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड' आहे आणि तो खराही आहे. वेगवान डिस्क घ्यायची का?

हा एकेका ब्लॉकचा रीड आहे, बहुतेक वेळा इंडेक्समधून टेबलकडे जाताना होणारा. दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: एका रीडला सरासरी किती वेळ लागतो आणि असे रीड होतात किती.

सरासरी चांगल्या फ्लॅश स्टोरेजवर १ मिलिसेकंदाच्या आत आणि फिरत्या डिस्कवर ५ ते १० मिलिसेकंद असेल तर स्टोरेज आपलं काम नीट करतंय. धरा, क्वेरीने २० लाख ब्लॉक वाचले आणि प्रत्येकाला अर्धा मिलिसेकंद लागला. झाले १००० सेकंद. दुप्पट वेगाची डिस्क आणली तर ५०० होतील आणि वापरकर्ता तरीही तक्रार करेल. तीच क्वेरी योग्य इंडेक्सवर गेली आणि २,००० ब्लॉकमध्ये उरकली, तर त्याच जुन्या डिस्कवर १ सेकंद. आधी रीडची संख्या का वाढली ते शोधा: प्लॅन बदलला, स्टॅटिस्टिक्स (डेटाबेसने नोंदलेले टेबलाचे अंदाजे आकडे) जुने झाले, की डेटाच वाढला. सरासरीच बिघडली असेल, काल ०.५ आणि आज १२, तेव्हा मात्र स्टोरेजच्या टीमला जरूर बोलवा.

'डीबी फाइल स्कॅटर्ड रीड' आणि 'डायरेक्ट पाथ रीड' मध्ये काय फरक?

दोन्हीत एका वेळी अनेक ब्लॉक वाचले जातात, सहसा फुल टेबल स्कॅनमध्ये. पहिल्यात ब्लॉक बफर कॅशमध्ये (सगळ्या सेशनच्या सामायिक मेमरीत) येतात, दुसऱ्यात कॅशला वळसा घालून थेट सेशनच्या स्वतःच्या मेमरीत. ११जीपासून मोठ्या टेबलांचे साधे, पॅरलल (अनेक प्रोसेसमध्ये वाटलेले) नसलेले स्कॅनही डायरेक्ट पाथने होऊ शकतात. त्यामुळे तीच क्वेरी लागोपाठ दुसऱ्यांदा चालवूनही वेगवान झाली नाही तर गोंधळून जाऊ नका.

'लॉग फाइल सिंक' खूप वाढलाय. याचा अर्थ काय?

कमिट केल्यावर सेशन याच इव्हेंटवर थांबतं. लॉग रायटर प्रोसेस रेडो (बदलांची नोंद) डिस्कवर लिहिते, लिहून झाल्याचं सेशनला कळवते आणि मगच कमिट पूर्ण होतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याच जागी 'राइटलॉग', पोस्टग्रेसमध्ये 'वॉलसिंक' किंवा 'वॉलराइट' दिसतात.

'लॉग फाइल सिंक' ची सरासरी 'लॉग फाइल पॅरलल राइट' च्या सरासरीशेजारी ठेवून वाचा. दुसरा इव्हेंट लॉग रायटरच्या प्रत्यक्ष लिखाणाचा आहे. दोन्ही सारखेच मोठे असतील तर लॉगची डिस्क स्लो आहे. लिखाण १ मिलिसेकंदात होतंय पण सिंकला १५ लागतायत, तर डिस्कला दोष देऊ नका. बहुतेक वेळा सीपीयू भरलेला असतो आणि लॉग रायटरला किंवा जागं होणाऱ्या सेशनला सीपीयूच मिळत नसतो. सिंक्रोनस स्टँडबाय (त्याच वेळी प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर पलीकडून येणाऱ्या पोचपावतीचा वेळही यात मिसळतो.

सरासरी ठीक असून बेरीज मोठी असेल तर कमिटची संख्या मोजा. १ लाख रो, प्रत्येक रोनंतर कमिट, प्रत्येक कमिटला १ मिलिसेकंद: १०० सेकंद नुसते कमिटमध्ये. हजार-हजार रोंनंतर कमिट केलं तर कमिट उरतात १०० आणि वेळ ०.१ सेकंद. हे बहुधा कोणी मुद्दाम केलेलं नसतं. जावाच्या डेटाबेस-जोडणीत, जेडीबीसीमध्ये, नवीन कनेक्शन ऑटोकमिट सुरू ठेवूनच मिळतं आणि ते बंद करायचं राहून जातं.

कमिट न थांबता पुढे जाऊ देणारी सेटिंगंही आहेत: ओरॅकलमध्ये कमिट_वेट, पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस_कमिट, मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट. ती बदलली की वेट नाहीसा होतो आणि त्याबरोबर "कमिट झालं म्हणजे डेटा सुरक्षित" ही हमीही जाते. पैशांच्या किंवा ऑर्डरच्या नोंदींसाठी हा मार्ग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लॉकमुळे सगळे अडकलेत. मूळ कसं शोधायचं?

सर्वांत पुढे अडकलेल्यापासून साखळी मागे मागे सोडवत जायची. ओरॅकलमधलं एक उदाहरण जवळून बघू.

सेशन २१२ 'एन्क्यू: टीएक्स - रो लॉक कन्टेन्शन' वर ४०० सेकंद थांबलंय. त्याच्या ब्लॉकिंग_सेशन कॉलममध्ये ८७. म्हणून ८७ ला मारून टाकायची घाई होते. पण ८७ ची ओळ वाचली तर तेही त्याच इव्हेंटवर थांबलेलं आहे आणि त्याला अडवणारं आहे १४५. आता १४५ बघा: स्टेटस 'इनअ‍ॅक्टिव्ह', इव्हेंट 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट', सेकंड्स_इन_वेट १,९००. या सेशनने अर्ध्या तासापूर्वी काही रो बदलले, कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) केलं नाही आणि तेव्हापासून ते गप्प बसलंय. अ‍ॅक्टिव्ह सेशनच्या यादीत ते येतच नाही, म्हणून फक्त अ‍ॅक्टिव्ह सेशन बघणाऱ्याला गुन्हेगार कधीच सापडत नाही. ११जी रिलीज २ पासून फायनल_ब्लॉकिंग_सेशन हा कॉलम थेट १४५ वर नेऊन सोडतो.

पुढचा प्रश्न: १४५ ने कोणत्या स्टेटमेंटने लॉक धरलं? प्रीव्ह_एसक्यूएल_आयडी बघून निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो कॉलम फक्त शेवटचं स्टेटमेंट दाखवतो, लॉक त्याच्या कितीतरी आधीच्या अपडेटने धरलेलं असू शकतं. त्यापेक्षा मशीन, प्रोग्रॅम आणि मॉड्यूल हे कॉलम घेऊन अ‍ॅप्लिकेशनच्या टीमकडे जा. ट्रॅन्झॅक्शन (कमिट किंवा रोलबॅकपर्यंतचं एकत्र काम) उघडं ठेवून बाहेरच्या सेवेला हाक मारणं किंवा एक्सेप्शन आल्यावर रोलबॅक न करता कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात, परत देणं, यांपैकी काहीतरी बऱ्याचदा निघतं.

पोस्टग्रेसमध्ये असं सेशन 'आयडल इन ट्रॅन्झॅक्शन' असं स्पष्ट दिसतं आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन अडवणाऱ्यांची यादी देतं. आयडल_इन_ट्रॅन्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावता येतो, मूळ सेटिंगमध्ये तो बंद असतो. पोस्टग्रेसमधली आणखी एक जागा फार त्रास देते. एखादी लांब चालणारी सिलेक्ट आहे, तिच्या मागे कोणी ऑल्टर टेबल चालवलं. ते पूर्ण लॉक मागतं, म्हणून थांबतं. आता त्याच टेबलवर येणाऱ्या साध्या सिलेक्टही त्या ऑल्टरच्या मागे रांगेत लागतात आणि मिनिटभरात पूर्ण अ‍ॅप्लिकेशन ठप्प होतं. चालू सिस्टिमवर असे बदल करण्याआधी लॉक_टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवा. लॉक मिळालं नाही तर ऑल्टर माघार घेतं आणि रांग साचत नाही.

रो लॉक नाही, 'टीएम कन्टेन्शन' दिसतोय.

चाइल्ड टेबलमधल्या फॉरेन की कॉलमवर (पॅरेंट टेबलमधल्या रोकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) इंडेक्स आहे का ते आधी बघा. तो नसेल तर पॅरेंटमधला रो डिलीट करताना ओरॅकलला संपूर्ण चाइल्ड टेबलवर लॉक लागतं, आणि तिथे कोणाचं कमिट न झालेलं काम असेल तर ते मिळत नाही. इंडेक्स टाकला की बहुतेक वेळा विषय संपतो.

डेडलॉक आणि ब्लॉकिंग एकच का?

नाही. ब्लॉकिंगमध्ये अडवणारा मोकळा असतो, त्याने कमिट केलं की रांग सुटते. डेडलॉकमध्ये दोघं एकमेकांसाठी थांबलेले असतात, तो आपणहून सुटत नाही. डेटाबेस तो ओळखून एकाला एरर देतो. ओरॅकलमध्ये ओआरए-०००६०, आणि तिथे फक्त ते स्टेटमेंट मागे घेतलं जातं, ट्रॅन्झॅक्शन उघडंच राहतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनमध्ये एक पूर्ण ट्रॅन्झॅक्शन बळी जातं. उपाय कोडमध्येच आहे: सगळीकडे टेबलं आणि रो एकाच क्रमाने लॉक करा.

'बफर बिझी वेट्स', 'कॅश बफर्स चेन्स', 'कर्सर: पिन एस वेट ऑन एक्स' हे सगळं काय आहे?

अनेक सेशन मेमरीतल्या एकाच छोट्या जागेवर एकदम तुटून पडल्याची ही लक्षणं आहेत. पहिली दोन तापलेल्या ब्लॉकची. वाढत्या सीक्वेन्सवरची प्रायमरी की असेल तर सगळे इन्सर्ट इंडेक्सच्या उजव्या टोकाच्या एकाच ब्लॉकवर जातात, हे त्याचं ठळक उदाहरण. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याच दुखण्याला 'पेजलॅच_ईएक्स' दिसतो. तो 'पेजआयओलॅच_एसएच' पेक्षा वेगळा आहे: दुसऱ्यात पान डिस्कवरून यायचं असतं, पहिल्यात ते मेमरीतच असतं आणि त्यावर गर्दी असते.

तिसरा इव्हेंट पार्सिंगचा, म्हणजे स्टेटमेंट वाचून त्याचा प्लॅन ठरवण्याचा. बाइंड व्हेरिएबल (किंमतीसाठी ठेवलेली मोकळी जागा) न वापरता प्रत्येक वेळी किंमत एसक्यूएलमध्येच चिकटवली की डेटाबेसला प्रत्येक स्टेटमेंट नवीन वाटतं आणि शेअर्ड पूलवर (तयार स्टेटमेंट ठेवायच्या मेमरीवर) ताण येतो. इथे शेअर्ड पूल मोठा करून फार तर काही दिवस निघतात.

वेट काहीच नाहीत, तरी स्लो आहे. असं कसं?

मग वेळ सीपीयूवर जातोय. वेट नसणं म्हणजे सगळं आलबेल असं नाही. कोणती क्वेरी सर्वांत जास्त सीपीयू आणि बफर गेट्स (मेमरीतून ब्लॉक वाचणं) खाते ते बघा, आणि तिचा प्लॅन अलीकडे बदललाय का तेही.

उलट बाजूही जाणून घ्या. सीपीयू पूर्ण भरला की सगळेच वेट फुगतात. कारण वेटचं घड्याळ सेशन पुन्हा सीपीयूवर येईपर्यंत चालू राहतं: डिस्कने ब्लॉक १ मिलिसेकंदात दिला, पण सेशनला सीपीयू मिळायला आणखी १० लागले, तर नोंद ११ ची होते. म्हणून सीपीयू शंभर टक्क्यांवर असताना डिस्क किंवा लॉगच्या सरासरीवर विश्वास ठेवू नका. एसक्यूएल सर्व्हर हा भाग सिग्नल वेट म्हणून वेगळा दाखवतो, आणि त्याची ही सोय मला फार मोलाची वाटते.

बफर कॅश हिट रेशो ९९ टक्के आहे. मग अडचण कशी असेल?

मागितलेल्यांपैकी किती ब्लॉक मेमरीतच मिळाले ते सांगणारा हा आकडा वेळेबद्दल काहीच सांगत नाही. तेच ब्लॉक मेमरीत कोट्यवधी वेळा वाचणारी वाईट क्वेरी हा रेशो वर नेते, आणि ती दुरुस्त केली की रेशो खालीही येऊ शकतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सीएक्सपॅकेट' सर्वांत वर आहे. पॅरललिझम बंद करू का?

पॅरलल क्वेरी चालली की हा वेट दिसणारच. निव्वळ निरुपद्रवी भाग अलीकडच्या आवृत्त्यांत 'सीएक्सकन्झ्यूमर' म्हणून वेगळा काढलेला आहे. मॅक्सडॉप (एका क्वेरीला किती सीपीयू वापरता येतील ती मर्यादा) १ केलं तर वेट गायब होईल आणि मोठे रिपोर्ट रखडतील. त्याऐवजी पॅरललिझमचा कॉस्ट थ्रेशोल्ड (क्वेरी किती महाग असली की पॅरलल होऊ शकते ती मर्यादा) बघा. मूळ किंमत ५ आहे, आजच्या सर्व्हरसाठी ती फारच कमी आहे. छोट्या क्वेऱ्या उगाच पॅरलल होत असतील तर आधी ती वाढवा.

काल रात्री २ वाजता स्लो होतं, आता सगळं ठीक आहे. आता काय बघणार?

इतिहास साठवला असेल तरच काही दिसेल. ओरॅकलमध्ये अ‍ॅक्टिव्ह सेशन हिस्टरी दर सेकंदाला अ‍ॅक्टिव्ह सेशनची नोंद मेमरीत घेते आणि त्यातल्या दहातला एक नमुना डिस्कवर जातो. तक्रारीच्या दहा मिनिटांपुरत्या ओळी घ्या, एसक्यूएल_आयडी आणि इव्हेंटनुसार मोजा. मेमरीतल्या इतिहासात एक ओळ म्हणजे साधारण एक सेकंद, डिस्कवरच्या इतिहासात साधारण दहा. ओरॅकलच्या साठवलेल्या आकड्यांचा एडब्ल्यूआर रिपोर्ट तासाचा असतो आणि मूळ सेटिंगमध्ये ८ दिवस टिकतो. सरासरीचा वर सांगितलेला धोका इथे लागू आहे.

या दोन्हींसाठी एंटरप्राइज एडिशनवर डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स लागतं. लायसन्स नसलं तरी ती सोय सुरूच दिसते, त्यामुळे वापरण्याआधी खात्री करून घ्या. नसेल तर स्टॅट्सपॅक बसवा, तो त्या लायसन्सशिवाय चालतो.

पोस्टग्रेस स्वतःहून वेटचा इतिहास ठेवत नाही. पीजी_वेट_सॅम्पलिंग हे एक्सटेन्शन बसवा किंवा दर सेकंदाला पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीतल्या अ‍ॅक्टिव्ह ओळी एका टेबलात टाकणारा छोटा जॉब लिहा. सोबत लॉग_लॉक_वेट्स सुरू करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१७ पासून क्वेरी स्टोअर प्रत्येक क्वेरीचे वेटही साठवतो. सिस.डीएम_ओएस_वेट_स्टॅट्स मधले आकडे मात्र सर्व्हर सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात, दोन वेळचे आकडे घेऊन वजाबाकी केल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

ट्रेस कधी लावायचा?

काम ठरावीक आहे, पुन्हा चालवता येतं आणि नमुन्यांवरून उलगडा होत नाही, तेव्हा. ओरॅकलमध्ये डीबीएमएस_मॉनिटर वापरून त्या एकाच सेशनचा वेटसकट ट्रेस, म्हणजे प्रत्येक पायरीची नोंद, घ्या आणि ती वाचता येईल अशी करणाऱ्या टीकेप्रूफमधून काढा. पूर्ण डेटाबेसवर ट्रेस लावू नका.

अडवणारं सेशन मारून टाकू का?

कधीकधी तेवढंच हातात असतं, पण परिणाम माहीत हवा. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेशन मारलं की त्याने केलेलं काम उलटं फिरवावं लागतं. तीन तास चाललेला अपडेट मारला तर रोलबॅकही बराच वेळ घेतो आणि तोवर लॉक तसंच राहतं. ओरॅकलमध्ये व्ही$ट्रॅन्झॅक्शनमधला यूझ्ड_यूरेक हा आकडा उतरताना दिसेल, त्यावरून किती वेळ उरलाय त्याचा अंदाज येतो. या मधल्या काळात अधीर होऊन सर्व्हर रिस्टार्ट केला तरी उरलेलं काम डेटाबेसला वर आल्यावर करावंच लागतं.

पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक लगेच होतो, मागे राहिलेले मृत रो नंतर व्हॅक्यूम साफ करतो. तिथे चालू क्वेरीसाठी आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड वापरा. सेशन आयडल इन ट्रॅन्झॅक्शन असेल तर रद्द करायला क्वेरीच नसते, तेव्हा पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतं. ऑपरेटिंग सिस्टिममधून किल -९ कधीही देऊ नका, त्याने बाकीची सगळी कनेक्शनंही तुटतात आणि पूर्ण सर्व्हर रिकव्हरीत जातो.

आणि मारण्याआधी अर्धा मिनिट काढून त्या सेशनची ओळ, त्याने अडवलेल्या सगळ्यांच्या ओळी आणि त्यांची स्टेटमेंटं एका फाइलमध्ये उतरवून घ्या. सेशन गेलं की ती माहितीही जाते, आणि उद्या सकाळी अ‍ॅप्लिकेशनच्या टीमसमोर ठेवायला तीच लागते.